संगणक जाळ्यातील पत्त्यांचे स्वयंचलित वाटप आणि सबनेटचा आकार

प्रस्तावना :

ग्रंथालयात वाय-फायचे चिन्ह पूर्ण दिसते, तरीही संकेतस्थळ उघडत नाही, हा अनुभव प्राध्यापकवर्गास नवा नाही. 'इंटरनेट बंद आहे' असे म्हणून आपण विषय संपवतो. वस्तुतः पुष्कळदा इंटरनेट सुरू असते. आपल्या यंत्रासच आयपी पत्ता मिळालेला नसतो. यंत्राचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असल्यास, वाटप करणाऱ्या सर्व्हरकडून उत्तर न आल्याने यंत्राने तो स्वतःच धारण केला आहे, असे समजावे. पत्ता का मिळत नाही याचा विचार सबनेटच्या आकारापाशी येऊन पोहोचतो. प्रस्तुत लेखात त्याचेच विवेचन केले आहे.

चौथी आवृत्ती : टंचाईचे गणित

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो व त्याचे वाटप डीएचसीपी या पद्धतीने होते. यंत्र जाळ्यात हाक देते, सर्व्हर पत्ता देऊ करतो, यंत्र तो मागते आणि सर्व्हर मान्यता देतो. हा पत्ता कायमचा नसून ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळतो. /२४ आकाराच्या सबनेटमध्ये २५६ पत्ते असतात. पहिला व शेवटचा राखीव असल्याने २५४ उरतात आणि त्यांतीलही एक राउटरकडे जातो. समजा, दिवसभरात सहाशे विद्यार्थी वाय-फायच्या टप्प्यातून गेले आणि भाडेपट्टा आठ दिवसांचा आहे. मग घरी गेलेल्या विद्यार्थ्याच्या नावेही पत्ता अडकून राहतो व उपस्थित विद्यार्थी रिकाम्या हाताने बसतो. मुदत एक-दोन तासांवर आणणे किंवा सबनेट /२२ करून १०२२ पत्ते उपलब्ध करणे, हे यावरील उपाय होत. दोहोंसाठीही नवे यंत्र विकत घ्यावे लागतेच असे नाही, हे खरेदी समितीने ध्यानी घ्यावे.

सहावी आवृत्ती : विपुलतेचे गणित

सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असून येथे काटकसरीची सवय उलट नडते. राउटर जाळ्याचा ६४ बिटांचा उपसर्ग जाहीर करतो. उरलेले ६४ बिट यंत्र स्वतः ठरवते आणि तो पत्ता अन्य कोणाकडे नाही याची खातरजमा करून वापरू लागते. सर्व्हरची आवश्यकता उरत नाही. एका /६४ सबनेटमध्ये दोनाचा चौसष्टावा घात इतके पत्ते मावतात. सेकंदास दहा लाख या वेगाने ते तपासू म्हटले तरी पाच लाख ऐंशी हजारांहून अधिक वर्षे लागतील. एवढे पत्ते 'वाया' जाताना पाहून जुना जाणकार सबनेट /८० वर आणतो. परंतु त्यामुळे उपसर्ग आणि यंत्राचा भाग यांची बेरीज १२८ होत नाही. परिणामी यंत्र तो उपसर्ग स्वयंरचनेसाठी वापरतच नाही. मग डीएचसीपीची सहावी आवृत्ती वापरावी, तर अँड्रॉइड फोन तिच्याकडून स्वतंत्र पत्ता घेत नाहीत. यास्तव विद्यार्थ्यांच्या जाळ्यासाठी /६४ हाच आकार ठेवणे इष्ट होय. अपवाद दोन राउटरांमधील दुव्याचा. तेथे /१२७ वापरण्यास २०११ पासून प्रमाणभूत मान्यता आहे. संस्थेस /४८ मिळाल्यास त्यात ६५,५३६ सबनेट बसतात, तेव्हा विभागांच्या संख्येची चिंता नसावी.

नोंदींचा प्रश्न

आरंभी यंत्राचा भाग नेटवर्क कार्डाच्या ४८ बिटांच्या क्रमांकावरून तयार होत असे. त्यामुळे यंत्र कोणत्याही जाळ्यात गेले तरी त्याचा माग काढणे शक्य होते. २००१ मध्ये बदलत्या, यादृच्छिक पत्त्यांची पद्धत प्रसिद्ध झाली व पुढे ती रूढ झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते हे योग्यच झाले. विद्यार्थ्याच्या हालचालीचा नकाशा त्याच्या पत्त्यातून कोणासही वाचता येऊ नये. मात्र गैरवापराची चौकशी करण्याची वेळ येते, तेव्हा महाविद्यालयापुढे वेगळीच अडचण उभी राहते. डीएचसीपी सर्व्हर कोणता पत्ता कोणत्या यंत्राकडे केव्हा होता याची वही ठेवतो. स्वयंरचनेत अशी वही कोणीच ठेवत नाही आणि पत्ता तर रोज पालटतो. यासाठी राउटरमधील शेजारी यंत्रांची सारणी दर काही मिनिटांनी उतरवून ठेवावी लागते. तसेच प्रत्येक वापरकर्त्यास जाळ्यात स्वतंत्र नाव व संकेतशब्द देऊनच प्रवेश द्यावा लागतो. सर्वांसाठी एकच संकेतशब्द फळ्यावर लिहून ठेवलेला असेल, तर ती सारणीही यंत्रापर्यंतच पोहोचवते, माणसापर्यंत नाही.