हिरा, गोटा आणि मुलाचे डोके

आपल्या मराठी समाजात विवाह ठरल्याची खूण म्हणून पूर्वी साखरेचा पुडा दिला जाई. ‘साखरपुडा’ हे नाव त्यावरूनच आले. आज साखर नावापुरती उरली असून तिचे स्थान अंगठीने, आणि ऐपत असल्यास हिऱ्याच्या अंगठीने घेतले आहे. युरोपात 1477 साली ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिल्याचे सांगतात. परंतु ही प्रथा सर्वसामान्यांच्या घरापर्यंत पोहोचली ती विसाव्या शतकात. हिरा म्हणजे चिरंतन प्रेम, हे समीकरण 1947 साली डी बिअर्स कंपनीच्या जाहिरातीसाठी लिहिल्या गेलेल्या एका घोषवाक्याने जगाच्या मनावर ठसविले. आपल्या मध्य प्रदेशातील पन्ना येथे हिऱ्याची खाण आहे, तेव्हा हा विषय आपल्याला तसा परका नाही.

हिरा हाही शेवटी एक दगडच. प्रेमाची खूण म्हणून बोटात विराजमान होणारा दगड आपण पाहतो, तसाच प्रेमावर भिरकावला गेलेला दगडही आपल्या सावरगावला चांगला परिचित आहे. या लेखात विचार करायचा आहे तो त्या दुसऱ्या दगडाचा.

जाम नदीचे दोन तीर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात गोटमार भरते. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधला जातो. दोन्ही तीरांवरून गोट्यांचा वर्षाव सुरू होतो. त्या वर्षावातून वाट काढीत झाडापर्यंत पोहोचायचे, झेंडा मिळवायचा आणि तो चंडीमातेच्या चरणी अर्पण करायचा, असा हा खेळ.

त्यामागील आख्यायिका आपण सर्वजण बालपणापासून ऐकत आलो आहोत. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची तरुणी यांचे परस्परांवर प्रेम जडले. तो तिला घेऊन नदी पार करीत असताना सावरगावकरांनी दगड मारले, त्याच्या बचावासाठी पांढुर्णेकरांनीही मारले, आणि त्या दोघांचा पात्रातच अंत झाला. पुढे दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला व दोघांचे मृतदेह चंडीमातेच्या मंदिरात नेऊन पूजा करण्यात आली. कथेची इतरही रूपे आहेत. पण लोकमानसात रुजली ती हीच.

या कथेचा शेवट पश्चात्तापात आणि पूजेत होतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. परंपरेने मात्र पूजेबरोबर दगडही जपला. वृत्तपत्रांतील नोंदी पाहिल्या तर दरवर्षी जखमींची संख्या शेकड्यांत असते आणि 1955 पासून डझनाहून अधिक जीव या पात्रात गेले आहेत. त्या प्रत्येक घरी पोळ्याचा सण कायमचा सुतकी झाला.

ठोसा, गोटा आणि गोफण

आघाताचे शास्त्र थोडे समजून घेऊ. ठोशाचे बळ केवळ दंडात नसते. पाय जमिनीला रेटतात, कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि ही सारी गती मुठीत एकवटते. म्हणूनच पुढच्या हाताच्या झटपट ठोशापेक्षा मागच्या हाताचा सरळ ठोसा अधिक जोरकस असतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निष्णात मुष्टियोद्ध्यांच्या मागच्या हाताच्या ठोशाचे सर्वोच्च बळ सुमारे 4800 न्यूटन, तर नवशिक्यांचे सुमारे 2400 न्यूटन आढळले. मुठीला मात्र निसर्गाने एक मर्यादा घातली आहे. ती हाडामांसाची असल्याने मारणाऱ्यालाही इजा होते. करंगळीच्या मुळाशी असलेले तळहाताचे हाड मोडलेले तरुण आपल्यापैकी अनेकांनी तपासले असतील. बोटात खड्याची अंगठी असेल तर तेच बळ एका बिंदूवर एकवटते आणि समोरच्याची त्वचा फाटते. हाताला मार लागल्यास अंगठी तत्काळ काढावी, हेही येथे सांगून ठेवतो. सूज चढल्यावर तीच अंगठी बोटाचा रक्तपुरवठा तोडते.

गोट्याला अशी मर्यादा नाही. तो मारणाऱ्याचा हात सुरक्षित ठेवतो. 200 ग्रॅमचा गोटा ताशी 72 किलोमीटर वेगाने निघाला तर त्याची ऊर्जा 40 ज्यूल होते. गोफणीमुळे हाताची लांबी जणू वाढते. तिने वेग केवळ दीडपट केला, तरी ऊर्जा 90 ज्यूल, म्हणजे दुपटीहून अधिक होते. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मुष्टियुद्धात मुठीवर जाड मोजा असतो, त्यामुळे आघात पसरतो. गोट्याची कड कवटीच्या एखाद्या चौरस सेंटिमीटरवरच आदळते. फेकणाऱ्याच्या मनात भक्ती होती की द्वेष, याचा या गणिताशी काहीही संबंध नाही.

मुलाचे डोके

हिरा सर्वांत कठीण, पण हातोडीच्या नेमक्या घावाने तो फुटतो. काठिण्य वेगळे आणि चिवटपणा वेगळा. मुलाच्या कवटीचे याच्या उलट आहे. ती पातळ आणि लवचीक असते. त्यामुळे कधी हाड न मोडताही आतला मेंदू दुखावतो. शिवाय प्रौढांच्या तुलनेत मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व मान दुर्बल असते.

कानशिलाजवळचे हाड विशेष पातळ आणि त्याच्या आतल्या बाजूने धमनी जाते. ती फाटली तर कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. अशा वेळी रुग्ण काही काळ अगदी ठीक दिसू शकतो, आणि खरा धोका तोच आहे. भारताचा क्रिकेटपटू रमण लांबा याला फेब्रुवारी 1998 मध्ये ढाक्यातील सामन्यात जवळ क्षेत्ररक्षण करताना कानशिलावर चेंडू लागला. तो स्वतः चालत मैदानाबाहेर गेला आणि तीन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. म्हणून ‘पोरगं चालतंय, बोलतंय, काही झालं नाही’ हे आईवडिलांचे वाक्य मला गेली पंचवीस वर्षे अस्वस्थ करीत आले आहे.

डोक्याला मार लागलेल्या मुलाला वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, बरळणे, झटके, एका बाजूची अशक्तता, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी काहीही आढळल्यास क्षणभरही न थांबता मोठ्या रुग्णालयात न्यावे. डोळ्याला गोटा लागल्यास डोळा चोळू, दाबू वा धुऊ नये; वरून पोकळ झाकण ठेवून नेत्रतज्ज्ञांकडे जावे. पडलेला पक्का दात मुळाशी न धरता, न घासता दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्यांकडे न्यावा. जखमेवर भभूत लावण्याची श्रद्धा मी समजू शकतो. पण आधी जखम स्वच्छ करून टाके घालावेत, धनुर्वाताची लस घ्यावी आणि भभूत कपाळाला लावावी. देवी त्याने रुष्ट होणार नाही.

दगडाऐवजी काय?

प्रशासनाने या शतकाच्या प्रारंभी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते स्वीकारले नाहीत. बंदीचे आदेशही निघाले आणि निष्प्रभ ठरले. वरून लादलेला बदल टिकत नाही, हा त्यातून मिळालेला धडा. तरीही बदल अशक्य नाही. उत्तराखंडातील देवीधुरा येथे रक्षाबंधनाच्या दिवशी वाराही देवीच्या प्रांगणात अशीच दगडांची ‘बग्वाल’ होत असे. 2013 मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि तेथील मंडळींनी फळे व फुले हाती घेतली. दगड पूर्णपणे थांबले असे नाही. पण देवीचा उत्सव थांबला नाही, गर्दी ओसरली नाही आणि श्रद्धाही उणावली नाही.

5 ऑक्टोबर 2023 पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. आता निर्णय आपल्या दाराशी होतात. आपल्या वैद्यकीय बांधवांनी गोटमारीच्या दिवशी टाके घालण्यापुरते न थांबता, पोळ्याच्या आधी महिनाभर शाळाशाळांतून व दोन्ही गावांच्या वडीलधाऱ्यांसमोर हा विषय मांडावा. एकदम सारे बदलणार नाही. पहिली पायरी म्हणून अठरा वर्षांखालील एकही मूल पात्रात उतरणार नाही, आणि गोटे वेचून देण्यासाठीही त्याचे हात वापरले जाणार नाहीत, एवढा ठराव दोन्ही गावांनी स्वतःहून करावा. गोफण ज्याने त्याने घरातच ठेवावी.

त्याच दिवशी नागपूरपासून आपल्या गल्लीपर्यंत तान्हा पोळा असतो. लाकडी बैल सजवून मुले दारोदार फिरतात आणि घरोघरी त्यांच्या हातावर खाऊ ठेवला जातो. आपल्या मुलांनी त्या दिवशी हाती काय धरावे, हे त्यांना शिकविण्याची जबाबदारी आपलीच आहे. पळस रोवला जावा, झेंडा फडकावा, चंडीमातेचा जयजयकार दोन्ही तीरांवर दुमदुमावा आणि संध्याकाळी दोन्ही गावांची सर्व लेकरे आपापल्या घरी धडधाकट परतावीत, एवढीच या बालरोगतज्ज्ञाची देवीपाशी आणि आपणा सर्वांपाशी प्रार्थना आहे.