आधी मोजणी, मग उतारा

पावसाळ्यात साप बिळाबाहेर येतो, तसा सर्पदंशाचा प्रश्न पावसाळी अधिवेशनात डोके वर काढतो. जुलै २०२४ मध्ये बिहारमधील सारणचे खासदार राजीव प्रताप रूडी यांनी तो लोकसभेत मांडला, तेव्हा वर्षाला ५० हजार बळींचा आकडा ऐकून अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. तो अतिशयोक्त नव्हता. घरोघरी जाऊन मृत्यूची कारणे तपासणाऱ्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाकाठी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली. सरकारी दप्तरात यातील अल्पांशच उमटतो; कारण बहुतेक बळी रुग्णालयाची पायरी चढतच नाहीत.

ही तफावत केवळ आकडेमोडीची नाही. नोंद नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून आरोग्य केंद्रात प्रतिविष नाही आणि प्रतिविष नाही म्हणून रुग्ण मांत्रिकाच्या दारी, असे हे दुष्टचक्र आहे.

केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा संकल्प सोडला. नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे पत्र राज्यांना गेले. आदेश नव्हे, पत्रच. कारण सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय. समवर्ती सूचीचा आधार राज्याराज्यांत पसरणाऱ्या संसर्गजन्य रोगांपुरता, आणि सर्पदंश संसर्गाने पसरत नाही. कर्नाटकाने मात्र पत्राची वाट न पाहता फेब्रुवारीतच नोंद सक्तीची केली होती.

मोजणीने पुरवठ्याचा दुसरा पेचही उघड होईल. देशातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याच विषावर बेतलेले असते. ते विष प्रामुख्याने तामिळनाडूतील इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. ईशान्येत तर सापांच्या जातीही वेगळ्या. कोणत्या जिल्ह्यात काय चावते हे कळल्याविना उतारा नेमका होणार नाही.

दंशावर चीर देऊ नये, आवळपट्टी बांधू नये, अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे, हा उपदेश योग्यच. पण तेथे रात्री डॉक्टर आणि पुरेशा कुप्या नसतील, तर तो व्यर्थ ठरतो. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरात होतात. म्हणून साठा मेअखेर पोहोचला काय, हा प्रश्न संसदेइतकाच विधिमंडळांतही विचारला गेला पाहिजे.