मजुराचे मन आणि कामाची आखणी



अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर परिसरात सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी आणि हरभरा ही नेहमीची पिके आहेत. त्यांचे वाण, बीजप्रक्रिया व खताच्या मात्रा यांची माहिती आपणास असते. परंतु ही सर्व कामे शेवटी माणसाच्या हातून व्हावयाची असतात. "मजूर मिळत नाही आणि मिळाला तर मन लावून काम करीत नाही," ही तक्रार प्रत्येक शेतकरी मेळाव्यात ऐकू येते. तक्रारीच्या पहिल्या भागाचे कारण उघड आहे. बीड जिल्ह्यातील मजूर कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी भरात येते. दुसऱ्या भागाचे कारण मात्र पुष्कळदा आपण काम कसे देतो, यात असते. कारखान्यांतील कामगारांविषयी गेल्या शतकात या प्रश्नाचा बराच अभ्यास झाला. त्यातील शेतीस उपयोगी पडणारा भाग येथे देत आहे.

मोजाल तेच मिळेल

अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिले. फावड्याने माल उचलणाऱ्या मजुरांचे निरीक्षण करून, एका फावड्यात २१ पौंड म्हणजे सुमारे साडेनऊ किलो माल आला तर दिवसभरात सर्वाधिक काम होते, असे त्याने सांगितले. हलक्या मालास मोठे आणि जड मालास लहान फावडे द्यावे, हा त्याचा धडा आजही खरा आहे. बोथट खुरपे व धार नसलेला विळा देऊन जास्त कामाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

टेलरचा दुसरा भर कामाच्या मापावर मजुरी देण्यावर होता. आपल्याकडील गुत्ते हे त्याच जातीचे. गुत्त्याने काम लवकर उरकते, पण ज्याचे माप होते तेवढेच उरकते. खुरपणी एकरावर दिली की एकर संपतो. मात्र लव्हाळा, हरळी वरवर कापली जाते, जमिनीतील गाठी व काशा तशाच राहतात आणि थोड्याच दिवसांत तण पुन्हा डोके वर काढते. सोयाबीनचे पीक पहिले ३० ते ४५ दिवस तणविरहित ठेवणे आवश्यक असते. या काळात अशी खुरपणी स्वस्त दिसली तरी महागच पडते. कापूस किलोवर वेचून घेतला की वजन भरते, परंतु त्यात अर्धवट उमललेली बोंडे, पाला आणि कवडीही येते. यात मजुराचा दोष नाही. आपण ज्याचे पैसे देऊ केले, तेच त्याने दिले.

आधी असमाधान दूर करावे

फ्रेडरिक हर्झबर्ग व सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग येथील सुमारे २०० अभियंते व हिशेबनिसांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या मते पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी वाईट असल्या तर माणूस नाराज होतो. पण त्या चांगल्या असल्या म्हणून तो आपोआप मन लावून काम करतो असे नाही. मन लागते ते काम साधल्याचे समाधान, कौतुक व जबाबदारी यांमुळे. या मांडणीवर पुढे टीकाही झाली. रोजच्या मजुरीवर ज्याची चूल पेटते, त्याच्या बाबतीत मजुरी दुय्यम मानता येणार नाही. नुसत्या शाबासकीवर घर चालत नाही. म्हणून पुढील बाबी प्रथम पूर्ण कराव्यात.

१) ठरलेली मजुरी ठरलेल्या दिवशी, हातात द्यावी.
२) पिण्याचे पाणी, सावली व दुपारची सुट्टी द्यावी. लहान मूल सोबत असल्यास त्याच्यासाठी सावलीची जागा ठेवावी.
३) धार लावलेली अवजारे द्यावीत. कापणीस दातेरी वैभव विळा, आंतरमशागतीस सायकल कोळपे वापरल्यास श्रम वाचतात.
४) फवारणीच्या वेळी हातमोजे व तोंडास आवरण दिल्याशिवाय काम सांगू नये.

मजूर तुलना करतो

स्टेसी ॲडम्स या संशोधकाने १९६३ साली मांडले की, माणूस फक्त आपली मजुरी पाहत नाही; आपले कष्ट व मोबदला यांची शेजाऱ्याशी तुलना करतो. अन्याय वाटला की काम आपोआप ढिले पडते. एकाच तासात खुरपणाऱ्या स्त्री-पुरुषांना वेगळी मजुरी दिली जाते, तेव्हा हेच घडते. समान कामास समान मोबदल्याचा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला आणि ते तत्त्व आजही लागू आहे. स्त्री मजुराचे काम हलके समजू नये. वेचणी व खुरपणीचा मोठा भार त्यांच्यावरच असतो.

कामाची आखणी : पाच कसोट्या

हॅकमन व ओल्डहॅम यांनी १९७६ साली कामाच्या रचनेच्या पाच कसोट्या दिल्या. कामात विविधता असावी, काम तुकड्यात नसून पूर्ण असावे, त्याचे महत्त्व करणाऱ्यास कळावे, थोडे स्वातंत्र्य असावे आणि काम कसे झाले हे लगेच समजावे. प्रत्येकाला जबाबदारी हवीच असते असे नाही, हेही त्यांनी नमूद केले आहे. म्हणून आधी विचारावे, लादू नये.

कापूस वेचणीसाठी याचा उपयोग असा करता येईल.

१) शेताचे तास मोजून चार-पाच जणींच्या गटास एक भाग नेमून द्यावा. सर्व वेचण्या शक्यतो त्याच गटाकडे ठेवाव्यात. आपल्या भागात काय राहिले, हे गटास पुढच्या वेचणीत दिसते.
२) वेचणीचा क्रम गटानेच ठरवावा. दव उठल्यानंतर सुरुवात करणे एवढा नियम पुरे.
३) प्रत्येकीस दोन कापडी झोळ्या द्याव्यात, एक स्वच्छ कापसासाठी, दुसरी कवडी व किडक्या बोंडांसाठी.
४) वजन सर्वांसमोर करावे व त्याच वेळी कचरा दाखवावा. चांगल्या कामाचे कौतुकही तेथेच करावे.
५) स्वच्छ कापसास किलोमागे जादा दर द्यावा. मात्र आपणास बाजारात प्रतीनुसार जादा भाव मिळतो का, याची आधी चौकशी करून हा दर ठरवावा. दिलेला शब्द मोडल्यास पुढील हंगामात गट येणार नाही.
६) विक्री झाल्यावर मिळालेला भाव गटास सांगावा.

उचल आणि सालगडी

व्हिक्टर व्रूम याने १९६४ साली दाखविले की, कष्ट केल्याने काम होईल आणि काम झाल्याने हवा तो मोबदला मिळेल, असा विश्वास असेल तरच माणूस जोर लावतो. ऊसतोडणीतील उचलीने हा दुवाच तुटतो. मुकादमाकडून घेतलेली रक्कम आधीच खर्च झालेली असते आणि कोयत्यावरील नवरा-बायकोने कितीही टन तोडले तरी पैसा फिटण्यातच जातो. सालगड्यास पाडव्याला दिलेल्या उचलीचेही असेच होऊ शकते. म्हणून उचलीचा हिशेब वहीत लिहून त्याची एक प्रत सालगड्याकडे द्यावी, दर महिन्याला थोडीच रक्कम वळती करावी आणि हातखर्चाला पैसा उरेल हे पाहावे. कर्ज फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार गुन्हा आहे.

सालगड्यास रोज सकाळी एकेक काम सांगण्याऐवजी एखादा पट्टा किंवा जनावरांचा गोठा पूर्णपणे सोपवावा. पाणी कधी द्यावयाचे, कोळपणी कधी करावयाची, यात त्याचा सल्ला घ्यावा. रोज पिकात वावरणाऱ्या माणसाला किडीची पहिली चाहूल बहुधा आपल्याआधी लागते. विचारणारा मालक असेल तर तो सांगतो. नसेल तर गप्प बसतो.

येत्या हंगामात सर्व शेतावर एकदम बदल करू नये. एक एकर कापूस वरीलप्रमाणे गटास द्यावा, एक एकर नेहमीप्रमाणे वेचून घ्यावा. दोन्हींचा वेचणीखर्च, कवडीचे प्रमाण, झाडावर राहिलेला कापूस व मिळालेला भाव वहीत नोंदवावा आणि त्या आकड्यांवरून पुढील वर्षीचा निर्णय घ्यावा.