स्वतःसाठी काढलेला फोटो

व्हिव्हियन मायर ही बाई सुमारे चाळीस वर्षं लोकांची मुलं सांभाळत होती, त्यातली बहुतेक शिकागोत. मुलांना फिरायला नेताना तिच्या गळ्यात रोलिफ्लेक्स कॅमेरा असायचा. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. तो पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचं आणि बटण दाबायचं. समोरच्याला बहुधा पत्ताही लागत नाही. रस्त्यावरची माणसं, रडणारी पोरं, दुकानाच्या काचेत पडलेलं स्वतःचं प्रतिबिंब असे एक लाखाहून जास्त फोटो तिने काढले आणि जवळजवळ कोणालाच दाखवले नाहीत. शेकडो रोल तर धुतलेसुद्धा नाहीत. २००७ मध्ये सामान ठेवलेल्या गाळ्याचं भाडं थकलं, खोकी लिलावात निघाली, तेव्हा कुठे हे काम उजेडात आलं. २००९ मध्ये ती वारली. तिचं नाव जगभर झालं ते त्यानंतर.

पैसा नाही, नाव नाही, वाहवा नाही. तरी माणूस आयुष्यभर फोटो का काढत राहतो? मला वाटतं, या छंदाचं सुख फोटो काढतानाच पदरात पडलेलं असतं. दाखवणं ही पुढची गोष्ट, आणि ती झालीच पाहिजे असंही नाही.

हे वेड आपल्याकडेही जुनं आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही डॉक्टरकी सांभाळून या नव्या कलेत रमले होते. त्या काळी फोटो काढणं सोपं नव्हतं. १८५१ पासून आलेल्या पद्धतीत काचेवर कोलोडियनचा चिकट थर पसरायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली आहे तोवर फोटो काढून लगेच अंधारात धुवायची. उष्ण हवेत थर भराभर वाळतो, त्यामुळे सगळी धावपळ काही मिनिटांची. बाहेर जायचं तर अंधाराचा तंबूही सोबत न्यायचा. एवढा खटाटोप माणूस हौसेनेच करतो.

आज तो खटाटोप गेला, पण त्यातलं तल्लीन होणं गेलेलं नाही. भाद्रपदात कासच्या पठारावर जाऊन पाहा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासही आहे. तिथल्या जांभ्याच्या ओलसर सड्यावर ‘सीतेची आसवं’ फुलतात. जांभळं फूल जेमतेम नखाएवढं, पाकळीवर आसवांसारखे दोन पांढरे ठिपके. वनस्पती कीटकभक्षी, मातीखाली असलेल्या बारीक पिशव्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेते. उभ्याने पाहिलं तर नुसता जांभळा गालिचा दिसतो. फोटो हवा असेल तर आखून दिलेल्या वाटेवरच पालथं पडावं लागतं, कोपरं चिखलात रोवावी लागतात. इतक्या जवळून लेन्सला जेमतेम काही मिलिमीटरचा पट्टाच स्पष्ट दिसतो. ठिपके फोकसमध्ये आले की देठ धूसर होतो. सगळंच स्पष्ट हवं म्हणून लेन्सचं छिद्र लहान करावं, तर उजेड कमी पडतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि तेवढ्यात वारा फूल हलवतो. मग वारा पडायची वाट पाहायची, श्वास रोखून. त्या वेळी ऑफिस, कर्जाचे हप्ते, दुखणारा गुडघा, यातलं काही आठवत नाही. अनेक हौशी लोक हेच कारण सांगतात, आणि मला ते सर्वांत खरं वाटतं.

दुसरं कारण आठवणींचं. फ्रान्समधल्या झाक आंरी लार्तिगला (जन्म १८९४) अगदी लहानपणीच वडिलांनी कॅमेरा दिला. आनंदाचे क्षण हातून निसटतात याची त्या मुलाला धास्ती होती. घरातली माणसं, मोटारींच्या शर्यती, नवी नवी विमानं तो टिपत गेला आणि शंभराहून जास्त अल्बम भरले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात १९६३ मध्ये त्याचे फोटो मांडले गेले, तोवर त्याने सत्तरी गाठत आणली होती.

मात्र कॅमेरा आठवण राखतोच असं नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या पाहायच्या होत्या, काहींचा फोटो काढायचा होता. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. पण ज्या वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम केलं होतं, ती स्मरणात टिकून होती. कासचं पालथं पडणं म्हणजे हेच झूम करणं. २०१६ मध्ये क्रिस्टिन डील आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं की फोटो काढणारे लोक प्रसंगात अधिक गुंततात, म्हणून त्यांना त्याची मजाही जास्त येते. प्रसंगच वाईट असेल, तर त्रासही जास्त होतो.

त्याच संशोधकांचा पुढचा प्रयोग तर दिवाळीच्या घरासाठीच केल्यासारखा आहे. नाताळात काही जणांना घरच्या अल्बमसाठी फोटो काढायला सांगितले, काहींना फेसबुकवर टाकण्यासाठी. फेसबुकवाल्यांना सणाची मजा कमी आली. लोकांना आपण कसे दिसू, ही काळजी त्यांच्या मनात शिरली होती. मायरबाईंना ही काळजी कधी शिवली नसावी.

तेव्हा यंदा पाडव्याला किंवा भाऊबीजेला थोडे फोटो फक्त घरासाठी काढा. पणतीचा काढताना फ्लॅश बंद ठेवा. मोबाइलच्या स्क्रीनवर ज्योतीला बोट लावून उजेड जरा कमी करा, म्हणजे ज्योत पांढरी फटक न पडता तिचा आकार दिसेल. आजीच्या उटणं लावणाऱ्या हातांच्या जवळ जा. त्यातले चार-पाच फोटो छापून घ्या आणि मागे मऊ पेन्सिलीने माणसांची नावं आणि तारीख लिहून ठेवा.