पाटी बदलली, दुकान तेच

२००९ च्या जानेवारीतली गोष्ट. शाळेत प्रजासत्ताक दिनासाठी मुलांचे भित्तिपत्रक तयार होत होते. अर्धे उर्दूत, अर्धे मराठीत. आठवीच्या मुलांनी वर्तमानपत्रातून एक छायाचित्र कापून आणले होते. बराक हुसेन ओबामा टेबलाशी बसून सही करत आहेत, आणि खाली बातमी अशी की ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद होणार. मुलांना ‘हुसेन’ या नावाचे मोठे अप्रूप. खरे सांगायचे तर आम्हालाही होतेच. आम्ही ते चित्र मधोमध लावायला सांगितले. त्या वर्षी जूनमध्ये ओबामांनी कैरोच्या भाषणात ‘अस्सलामु अलैकुम’ म्हटले, तेव्हा आपण योग्य चित्र लावले होते याचे आम्हाला समाधान वाटले.

आज हे लिहिताना थोडे संकोचल्यासारखे होते. पण नागरिकशास्त्र शिकवणाऱ्याने आपल्या चुका मुलांपासून लपवू नयेत, म्हणून ही गोष्ट आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो.

ग्वांतानामोचा हिशोब पाहा. क्यूबाच्या किनाऱ्यावरच्या अमेरिकी नौदलाच्या तळावर जॉर्ज बुश यांच्या काळात, ११ जानेवारी २००२ रोजी पहिले कैदी आणले गेले. एकूण सुमारे ७८० माणसे तेथे डांबली गेली. बहुतेकांवर कधी आरोपपत्रही ठेवले गेले नाही. ओबामा सत्तेवर आले तेव्हा सुमारे २४० उरले होते. म्हणजे पाचशेहून अधिक कैदी खुद्द बुश यांच्याच कारकिर्दीत बाहेर पडले होते. हे ऐकून मुले चमकतात. आम्हीही कळले तेव्हा चमकलो होतो. ओबामांनी बंद करण्याचा आदेश काढला, पण चारच महिन्यांनी त्यासाठी लागणारा पैसा सिनेटने ९० विरुद्ध ६ मतांनी अडवला. त्या सिनेटमध्ये बहुमत कोणाचे होते? ओबामांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे. पुढे कैद्यांना अमेरिकेच्या भूमीवर आणण्यास बंदी घालणारी कलमे संसदेने केली, आणि नाराजी नोंदवत का होईना, ओबामा त्यांवर सह्या करत राहिले. ते गेले तेव्हा ४१ कैदी होते. ट्रम्प यांनी तुरुंग चालू ठेवण्याचा आदेश काढला आणि चार वर्षांत एकाला सोडले. बायडन यांनी बंद करू म्हटले. ते पायउतार झाले तेव्हा १५ उरले होते. मग ट्रम्प परत आले आणि २०२५ च्या जानेवारीतच त्यांनी त्याच तळावर हजारो स्थलांतरितांना ठेवण्याची तयारी करायला सांगितले. चार अध्यक्ष झाले, दोन्ही पक्ष झाले, कुलूप तेच राहिले.

ओबामांचे भाषण खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. माणसाच्या मनात काय होते ते अल्लाह जाणे. पण कागदावर काय झाले ते सर्वांसमोर आहे. २००१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी संसदेने अध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याचा अधिकार दिला. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १, सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली या बाईंचे. मूळ कलम इंग्रजीत साठ शब्दांचे. त्याच साठ शब्दांवर पुढच्या प्रत्येक अध्यक्षाने कुठे ना कुठे बॉम्ब टाकले. नागरिकांवर पाळत ठेवण्याची मुभा देणारा पेट्रियट अ‍ॅक्ट सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १ ने मंजूर झाला. २०११ मध्ये त्यातली काही कलमे मध्यरात्री संपणार होती. ओबामा तेव्हा फ्रान्समध्ये होते. म्हणून वॉशिंग्टनमध्ये सही करणाऱ्या यंत्राकडून त्यांची सही उमटवून घेतली गेली. कारभार बदलला की नाही हे विचारणाऱ्याला आम्ही त्या यंत्राची गोष्ट सांगतो.

इराक युद्धाचे तेच. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी बुश यांना परवानगी दिली. होकार देणाऱ्या डेमोक्रॅट सदस्यांत जॉन केरी, हिलरी क्लिंटन आणि जो बायडन हे तिघेही होते. डेमोक्रॅटिक पक्षाचे २००४, २०१६ आणि २०२० चे अध्यक्षपदाचे उमेदवार हेच तिघे. म्हणजे ज्याला इराक युद्धाचा राग होता, त्याने या तिन्ही निवडणुकांत मत द्यायचे ते युद्धाला हात वर केलेल्यालाच!

आता एका घराची हकीकत. अन्वर अल-अवलाकी हा अल-कायदाचा प्रचारक होता. त्याची बाजू घेण्याचे आम्हाला काही कारण नाही. ३० सप्टेंबर २०११ रोजी येमेनमध्ये ड्रोन हल्ल्यात तो मारला गेला. त्याचा मुलगा अब्दुर्रहमान, जन्म अमेरिकेतल्या डेन्व्हरचा, बापाला शोधायला घरातून निघाला होता. दोन आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, दुसऱ्या ड्रोन हल्ल्यात तोही गेला. वय सोळा. त्याला नेमके लक्ष्य केले नव्हते, असे सरकारने पुढे सांगितले. आजोबा नासेर अल-अवलाकी येमेनचे माजी कृषिमंत्री, अमेरिकेत शिकलेले. त्यांनी अमेरिकी न्यायालयात दाद मागितली. २०१४ मध्ये दावा फेटाळला गेला. मग आले ट्रम्प. त्यांचा शपथविधी होऊन नऊ दिवस झाले होते. २९ जानेवारी २०१७ ला येमेनमधल्या एका खेड्यावर अमेरिकी कमांडोंनी छापा घातला. मेलेल्यांत अब्दुर्रहमानची सावत्र बहीण नवार होती. वय आठ. आजोबा एकच. नातू एका पक्षाच्या राजवटीत गेला, नात दुसऱ्या.

भित्तिपत्रक करणारी आमची ती मुले २०११ च्या ऑक्टोबरात अकरावीला होती. अब्दुर्रहमानच्याच वयाची.

मग तिथल्या मतदाराने काय करायचे? मिशिगन राज्यातले डिअरबॉर्न गाव पाहण्यासारखे आहे. फोर्ड मोटारींचे हे गाव. कारखान्यातल्या कामासाठी लेबनॉन, येमेन, इराककडची माणसे येऊन वसली, आणि आज निम्म्याहून अधिक वस्ती अरब मुळाची आहे. २००० साली अमेरिकेतल्या मुस्लिम संघटनांच्या समन्वय मंडळाने बुश यांना पाठिंबा दिला होता. कारण? १९९६ मध्ये, क्लिंटन यांच्या काळात झालेल्या कायद्यांनी स्थलांतरितांविरुद्ध गुप्त पुरावा वापरता येत होता, आणि बुश यांनी चर्चेच्या मंचावर त्याला विरोध केला होता. वर्षभरात काय झाले ते सर्व जाणतात. मग ही मते डेमोक्रॅटांकडे वळली. २०२० मध्ये डिअरबॉर्नमधली दहापैकी जवळजवळ सात मते बायडन यांना गेली. पुढे गाझावर बॉम्ब पडू लागले आणि बॉम्ब कोणाकडून येतात हे त्या गावाला ठाऊक होते. २०२४ च्या फेब्रुवारीत पक्षांतर्गत मतदानात मिशिगनच्या एक लाखाहून अधिक लोकांनी ‘कोणालाही नाही’ अशा अर्थाच्या चौकटीवर खूण केली, आपल्याकडच्या ‘नोटा’सारखेच. नोव्हेंबरात डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प यांना सुमारे ४२ टक्के, कमला हॅरिस यांना ३६ आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना १८ टक्के मते पडली. तीन महिन्यांत ट्रम्प यांनी गाझा आपल्या ताब्यात घेऊन तिथल्या लोकांना दुसरीकडे हलवण्याची कल्पना जाहीर केली.

इस्राएलला दिली जाणारी लष्करी मदत म्हणाल, तर दहा वर्षांसाठी ३८ अब्ज डॉलरचा करार २०१६ मध्ये ओबामांनी केला आणि ट्रम्प यांनी पाळला. दूतावास जेरुसलेमला हलवावा हा कायदा १९९५ चा, दोन्ही पक्षांच्या मतांनी झालेला. ट्रम्प यांनी २०१८ मध्ये तो हलवला, बायडन यांनी तो तिथेच ठेवला.

‘मग तिसरा पक्ष का निघत नाही?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. अध्यक्ष निवडतात ५३८ निर्वाचक, आणि दोन राज्ये सोडली तर प्रत्येक राज्य आपले सगळे निर्वाचक पहिल्या आलेल्याच्या पदरात टाकते. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना देशभरात जवळजवळ १९ टक्के मते पडली; निर्वाचक मिळाले शून्य. २००० मध्ये फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी निवडून आले आणि राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मते होती. तेव्हापासून तिसऱ्याचे नाव काढणाऱ्याला हाच आकडा ऐकवतात. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून वीट घ्या, असे हे गणित. वीटही डोक्यावर पडली की लागतेच, पण ते नंतर.

दोन्ही पक्ष अगदी एकच आहेत असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली. बायडन यांनी पहिल्याच दिवशी ती उठवली. विमानतळावर अडकलेल्या आईला हा फरक लहान नव्हता. गर्भपात, आरोग्यविमा, कर यांवर दोघांत खरी भांडणे होतात. पण आमच्या लक्षात आलेली गोष्ट एवढीच: जिथे दोघे भांडतात तेवढाच प्रश्न मतपत्रिकेवर येतो. जिथे दोघांचे एकमत आहे, तिथे मतदाराला कोणी विचारतच नाही. येमेनमधल्या खेड्याचा प्रश्न कोणत्याही नोव्हेंबरात कोणी विचारला नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही डिअरबॉर्नचे आकडे नववीच्या फळ्यावर लिहिले. ४२, ३६, १८. प्रत्येक आकड्यामागच्या माणसाची बाजू मांडा, असे सांगितले. चांगली भांडणे झाली. ‘ट्रम्पला मत देणाऱ्यांना कळत नव्हते का?’ असे एकाने विचारले, तर दुसऱ्याने उलट विचारले, ‘हॅरिसला मत देणाऱ्यांच्या घरची मय्यत झाली नव्हती का?’ स्टाइनबाईंच्या बाजूने तिघेच उभे राहिले, पण बोलले सर्वांत जोरात. तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. वर्षभर ती क्वचितच बोलली असेल.

“सर, एक आकडा राहिला,” ती म्हणाली. “जे घरातून निघालेच नाहीत त्यांचा.”

“त्यांची बाजू कोण मांडणार?” आम्ही विचारले.

“मी,” ती म्हणाली. तेवढ्यात घंटा झाली. फळा पुसायला आलेल्या मॉनिटरला आम्ही थांबवले आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाला तिचा नंबर लावला.