चाकामागचा रंग

पूर्वी गाडीच्या चाकावर प्लास्टिकची किंवा पत्र्याची टोपी असायची. तिच्यामागे काय गंजतंय याची चिंता फक्त मेकॅनिकला. आता अलॉय व्हील आली, त्यांच्या रुंद फटींतून ब्रेकची डिस्क दिसते आणि डिस्कला एका बाजूने धरून बसलेला कॅलिपरही. हा कॅलिपर बहुतेक साध्या गाड्यांमध्ये बिडाच्या ओतकामाचा असतो. आमच्याकडे नांदेड-लातूरच्या पट्ट्यात एक-दोन पावसाळे काढले की तो तांबूस होतो, त्यावर काळ्या मातीचा थर बसतो, आणि वर चकचकीत चाक, आत गंजका ठोकळा असं दृश्य तयार होतं. मग कुणीतरी कुठेतरी लाल कॅलिपर पाहतं आणि रविवारचा बेत ठरतो.

लाल कॅलिपरची हौस महागड्या वेगवान गाड्यांकडून आली. तिथे रंगाला काही वेळा अर्थही असतो. पोर्शच्या गाडीत पिवळा कॅलिपर दिसला तर आतली डिस्क सिरॅमिकची असल्याची ती खूण. इटलीची ब्रेम्बो ही ब्रेकच्या धंद्यातली सगळ्यांत नावाजलेली कंपनी. तिचा कारखाना आपल्या चाकणलाही आहे, आणि केटीएम ड्यूकच्या चाकात दिसणारं ‘बायब्रे’ हे तिचंच दुचाकींसाठीचं नाव. वाळूजची एन्ड्युरन्सही दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवते, म्हणजे ही वस्तू मराठवाड्याला परकी नाही. पण घरी लाल रंग फासल्याने ब्रेक एक इंचही लवकर लागत नाही. मिळतं ते रूप आणि गंजापासून थोडं संरक्षण. एवढी अपेक्षा ठेवून काम केलं तर ते घरी उत्तम होतं.

हात घालण्याआधी कॅलिपर काम कसा करतो ते पाहू, कारण रंग कुठे लावायचा नाही हे त्यावरून ठरतं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळीतून कॅलिपरमध्ये जोर लावतं. आतला पिस्टन पुढे सरकून आतल्या बाजूचं पॅड डिस्कवर दाबतो. साध्या गाड्यांमध्ये बाहेरच्या बाजूला दुसरा पिस्टन नसतो. आतलं पॅड डिस्कला टेकलं की त्याच जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर मागे सरकतो आणि बाहेरचं पॅड डिस्ककडे ओढून घेतो. पाय काढला की पिस्टनभोवतीचं रबरी सील, जे दाबाखाली किंचित पिळलेलं असतं, मूळ आकारात येतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. सगळा कारभार असा केसभराच्या हालचालीवर चालतो. सरकण्याच्या पिनांवर किंवा पॅडचे कान ज्या खाचांत बसतात तिथे रंग गेला तर कॅलिपर अडकतो. मग एकच पॅड झिजतं, गाडी एका बाजूला ओढते, डिस्क तापत राहते, आणि मेकॅनिकला कारण सापडेपर्यंत दोन-तीन खेपा होतात.

म्हणून रंग फक्त कॅलिपरच्या बाहेरच्या अंगावर आणि त्याला धरणाऱ्या ब्रॅकेटवर लावायचा. डिस्कचा घासणारा भाग, पॅड, पिना, रबरी बूट, ब्रेकची नळी आणि हवा काढायचा निपल यांना शिवायचं नाही. आणखी एक जागा आहे, ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही: हबचा तो सपाट भाग, जिथे चाक येऊन टेकतं. तिथे रंगाचा थर राहिला तर नट आवळल्यावर तो हळूहळू चेपला जातो आणि नट सैल पडू शकतात. तो भाग कोरा राहिलाच पाहिजे.

आता रंग कोणता? दुकानदाराला एक विचारावा तर तो दहा दाखवतो. आधी उष्णतेचा हिशेब करू. एक टन वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली तर सुमारे २५० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. पाऊण लिटर गार पाणी उकळीला आणायला साधारण तेवढीच लागते. तिचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो. अहमदपूर-लोह्याच्या सरळ रस्त्यावर हे अधूनमधून घडतं, पण तुळजापूरचा घाट उतरताना तेच पुन्हा पुन्हा होतं आणि थंड व्हायला उसंत मिळत नाही. दाराखिडक्यांचा ऑइलपेंट ही उष्णता फार दिवस सोसत नाही. पांढरा पिवळा पडतो, लाल विटतो, मग फुगे येऊन पापुद्रे सुटतात.

मग हुशारी म्हणून लोक सायलेन्सरचा रंग आणतात, डब्यावर ६०० अंश लिहिलेला. ही उलटी चूक. असे सिलिकॉनवाले रंग पक्के होण्यासाठी आधी खूप तापावे लागतात, साधारण २०० अंशांच्या आसपास. रोजच्या वापरात कॅलिपरचं बाहेरचं अंग सहसा इतकं तापत नाही. मग रंग वर्षभर कच्चाच राहतो आणि नखाने निघतो. ओव्हनमध्ये भाजावं तर आतली रबरं जळतील. त्यामुळे खास कॅलिपरसाठी म्हणून मिळणारा रंगच घ्यावा. स्प्रे कॅनमध्ये मिळतो आणि ब्रशने लावायचा, हार्डनर मिसळायचा दोन डब्यांचाही मिळतो. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत नाही मिळाला तर मागवावा लागेल, पण तडजोड करू नये. माझं मत ब्रशच्या बाजूने आहे. स्प्रे सुंदर बसतो, पण त्यासाठी डिस्कपासून फेंडरपर्यंत सगळं झाकावं लागतं आणि आपल्याकडच्या उघड्या अंगणातला वारा ते झाकण मानत नाही. ओतकामाच्या खडबडीत अंगावर ब्रशच्या रेघा तशाही दिसत नाहीत.

मुहूर्त मात्र पाहावा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो. उन्हातलं लोखंड त्याहून तापतं, रंग पसरायच्या आतच सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. श्रावणात हवेतला ओलावा रंगाखाली अडकतो. सगळ्यांत बरा काळ दसऱ्याच्या आधीचे कोरडे दिवस. तसंही खंडेनवमीला गाडी धुऊन हळदीकुंकू लावायचंच असतं. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सकाळी ऊन चढायच्या आत, सावलीत करावं.

गाडी उचलण्याचं काम या सगळ्यात सगळ्यांत धोक्याचं. काळ्या मातीच्या अंगणात जॅक हळूहळू रुततो. शहाबादी फरशीवर टेकवला तर फरशी तडकते. काँक्रीटची जागा शोधा किंवा जॅकखाली जाड लाकडी फळी घ्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धवट सैल करायचे, विरुद्ध टोकाच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे, गिअर टाकायचा, मग उचलायचं. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे मागचं चाक उचललं की त्याचा भरवसा संपला. गाडीबरोबर आलेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. चाक काढून तासभर बसायचं तर खाली लोखंडी स्टँड हवाच. गॅरेजमधून दोन तासांसाठी मागून आणा, पण त्याशिवाय हात आत घालू नका. चाक काढल्यावर कॅलिपर बाहेरच्या बाजूला तोंड करेल असं स्टिअरिंग वळवा. निम्मी कसरत वाचते.

कॅलिपर खोलून काढायचा की जागेवरच रंगवायचा? घरी जागेवरच. खोलला तर तो नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने बांधून ठेवायचा, आणि तेवढ्या वेळात घरातल्या कुणी पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर येऊन पडतो. ही जोखीम रंगासाठी घ्यावी असं मला वाटत नाही.

खरा वेळ जातो तो धुण्यात. रंगाला जेवढा लागेल त्याच्या तिप्पट वेळ इथे द्या. कॅलिपरवर बसलेली काळी धूळ म्हणजे डिस्कच्या लोखंडाचा आणि पॅडचा भुगा. तो फुंकायचा नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. आधी ओलं करायचं, मग घासायचं. सांध्यांत वाळून दगड झालेली काळी माती शाम्पूच्या पाण्याने दहा मिनिटं भिजवली की जुन्या टूथब्रशने सुटते. २०१६ साली ज्या लातूरने मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं, तिथे नळी सोडून गाडी धुवा असं सांगवत नाही. बादलीभर पुरतं. शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको. त्यातले क्षार वाळून पांढरे डाग पडतात आणि रंग नेमका त्यांच्यावरून सुटतो. जारचं एक लिटर पाणी त्यासाठी बाजूला ठेवा.

वाळल्यावर तारेचा ब्रश घ्या आणि सुटा गंज काढा. लोखंड चांदीसारखं चमकायची गरज नाही, पापुद्रा राहता कामा नये. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर ३२०. शेवटी तेलकटपणा काढायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा. इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण गॅरेजांतून सर्रास उलटं चालतं: पेट्रोल, डिझेल, रॉकेल वापरू नका. ब्रेकमधली रबरं ज्या जातीची असतात ती ग्लायकोलवाल्या ब्रेक ऑइलमध्ये वर्षानुवर्षं टिकतात, पण पेट्रोलियमच्या तेलात फुगतात. फुगलेला बूट आज दिसत नाही, पुढच्या पावसाळ्यात त्यातून पाणी आत गेल्यावर पिन जाम होते. साधं ग्रीसही त्याच कारणाने पिनांवर चालत नाही, त्यासाठी ब्रेकचं वेगळं ग्रीस येतं.

एवढं स्वच्छ झाल्यावर जरा थांबून बघा. पॅड किती उरलंय, बुटाला चीर आहे का, नळीवर ओल आहे का, दोन्ही पॅड सारखी झिजलीत का. एक जास्त झिजलेलं असेल किंवा कुठे ओल दिसत असेल तर रंगाचा डबा बंद करा आणि आधी मेकॅनिककडे जा.

सगळं ठीक असेल तर मास्किंग टेप घ्या. बूट, निपल, नळी, पॅडच्या कडा झाका. डिस्कवर वर्तमानपत्र बांधा. पहिला हात इतका पातळ द्या की खालचं लोखंड दिसेल. जाड हात ओघळतो आणि वरून सुकून आतून ओला राहतो. दुसऱ्या हाताने रंग भरतो, तिसरा फक्त राहिलेल्या ठिकाणी. मधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते पाळायचं असतं. काही रंगांना ठरावीक वेळेनंतर दुसरा हात दिला तर खालचा सुरकुततो. टेप मात्र रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी काढा, नाहीतर कडेचा रंग सोबत निघतो.

छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. पुढे लाल कॅलिपर आणि मागे गंजका ड्रम ही जोडी विचित्र दिसते. लोक मग ड्रमही लाल करतात, आणि ते त्याहून विचित्र. ड्रमला काळा किंवा सिल्व्हर द्यावा, तो डोळ्यांआड जातो. रंगाचंच म्हणाल तर काळ्या मातीच्या मुलखात गडद करडा सर्वांत शहाणा, पण शहाणपणासाठी कुणी कॅलिपर रंगवत नाही हेही खरं.

सजावटीत उष्णता सोसणारी अक्षरं मिळतात. ती रंग वाळल्यावर चिकटवा आणि शक्य असेल तर वरून त्याच कंपनीचा क्लिअर मारा. स्टेन्सिल कापून ‘माउली’ किंवा ‘येळकोट’ लिहिलेलं मला साध्या गाडीवर ब्रेम्बोचं स्टिकर लावण्यापेक्षा प्रामाणिक वाटतं. कॅलिपरवर बसवायची तयार कव्हरं मात्र टाळा. चाक आणि कॅलिपर यांच्यात अंतर कमी असतं. कव्हर सैल झालं तर चाकाला घासतं, शिवाय उष्णता कोंडतं. कायद्याची काळजी करणाऱ्यांसाठी: आरसीवर नोंदलेला रंग बॉडीचा असतो, कॅलिपरचा नव्हे.

चाक बसवताना नट समोरासमोरचे, चांदणीच्या क्रमाने आवळा. शेवटचा आवळा गाडी जमिनीवर आल्यावर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने. गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबून बघा. डिस्कवर रंगाचा शिंतोडा दिसला तर ब्रेक क्लीनरने पुसून टाका, घासून जाईल म्हणून सोडू नका. रंगाला निदान चोवीस तास द्या, मग गल्लीत हळू चालवून दोन-चार वेळा ब्रेक लावून पाहा. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासा.

पुढे कधी मेकॅनिकने ब्रेक ऑइल बदललं आणि थेंब कॅलिपरवर पडला, तर लगेच भरपूर पाणी ओता. ते ऑइल रंग मऊ करतं, पण पाण्यात मिसळून निघून जातं. पॅड बदलताना पान्याने बोल्टाजवळचा रंग उडणारच. दोन डब्यांचा रंग एकदा मिसळला की टिकत नाही, म्हणून पहिल्या वेळीच सगळा मिसळू नका. बाटलीच्या झाकणाएवढा पुन्हा करता येईल इतका दोन्ही डब्यांत शिल्लक ठेवा.