सज्ञान आणि जाणता

वयांत आलेल्या माणसास मराठींत दोन शब्द लावतात. एक सज्ञान, दुसरा जाणता. अर्थ पाहूं गेल्यास दोन्ही एकच. परंतु पहिला शब्द कचेरींतला आहे आणि दुसरा घरांतला. कचेरींतला सज्ञान एका दिवसांत होतो. १८७५ च्या कायद्यानें १८ वें वर्ष पुरें होतांच मनुष्य जमीन विकण्यास व करारावर सही करण्यास मोकळा झाला. मताचा अधिकार मात्र स्वतंत्र भारतांतही त्यास २१ व्या वर्षीं मिळे. राज्यघटनेच्या १९८८ च्या एकसष्टाव्या दुरुस्तीनें तोही १८ वर आला. विवाहास १९७८ पासून मुलीस १८ व मुलास २१ वर्षें लागतात. म्हणजे १९ वर्षांचा तरुण आमदार निवडूं शकतो, बायको निवडूं शकत नाहीं!

घरांतल्या जाणतेपणास असा ठरलेला दिवस नसतो. भिवंडीच्या यंत्रमागांवर रातपाळी करणारा परगांवचा पोरगा कमाईचा मोठा वाटा गांवीं धाडतो. बहिणीच्या लग्नाचें कर्ज त्याच्याच पैशांनीं फिटतें. पण सोयरीक ठरवितांना त्यास कोणी विचारीत नाहीं. उलट शहरांतील सुखवस्तु घरांत पन्नाशी उलटलेला मुलगा वडिलांच्या हातीं पगार ठेवून निश्चिंत असतो, आणि आज्ञाधारक म्हणून त्याची वाखाणणी होते. आईचें औषध कोणतें व तें केव्हां द्यावयाचें, हें ज्यास त्या वयांतही ठाऊक नसतें, त्यास आज्ञाधारक म्हणावें कीं आळशी? तें बहुधा सुनेस ठाऊक असतें. घरांतील बिघाड, मग तो कोणीही केलेला असो, निस्तरण्यास जो आपणहून उठतो तो जाणता. ‘हें माझें काम नव्हे’ हें वाक्य लेंकरांच्या तोंडीं शोभतें.

गल्लीचा बिघाड मात्र एकट्यादुकट्यास निस्तरत नाहीं, आणि येथें भिवंडीचाच दाखला उपयोगी पडतो. ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं तेथें मोठी दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठीं न्यायमूर्ति मादन यांचा आयोग नेमावा लागला. १९८४ सालीं तें गांव पुन्हां पेटलें. मतदारांच्या यादींत नांव असलेल्या सज्ञान माणसांची गांवांत दोन्ही वेळां वाण नव्हती. वाण होती ती त्यांनीं एकत्र बसण्याच्या जागेची.

ती जागा १९८८ नंतर तयार झाली. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं गांवाचे भाग पाडून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एकेका समितींत त्या भागांतील हिंदु व मुसलमान रहिवासी, आणि त्यांच्याशीं जोडलेला एक साधा पोलीस शिपाई. वाट दंगलीची पाहावयाची नाहीं. नळावरची बोलाचाली, पोरांची मारामारी असल्या किरकोळ तक्रारींच्या वेळींच बसावयाचें. यांतील मर्म साधें आहे. अफवा अनोळखी माणसाविषयीं लवकर खरी वाटते. ‘पलीकडच्या गल्लींत हत्यारें जमलीं आहेत’ असें मध्यरात्रीं कानीं आलें, तर ज्याच्याबरोबर चार वेळां चहा घेतला आहे त्याचें दार ठोठावून विचारतां येतें. चहा घेतलेला नसेल, तर माणूस आपल्या घरांत दगड गोळा करूं लागतो.

६ डिसेंबर १९९२ नंतर, आणि पुन्हां जानेवारी १९९३ मध्यें, मुंबई जळाली. सर्वांस धास्ती भिवंडीची होती. भिवंडी शांत राहिली. श्रेय अधिकाऱ्यास आहेच. परंतु एक अधिकारी प्रत्येक बोळाच्या तोंडाशीं जागत बसूं शकत नाहीं. तेथें जागले ते रहिवासी.

पुढें जुलै २००६ मध्यें कबरस्तानाशेजारीं पोलीस ठाणें बांधण्याच्या वादावरून तेथेंच रक्त सांडलें. गोळीबारांत माणसें मेलीं, आणि दोन पोलीस शिपाईही मारले गेले. या खेपेस भांडण शेजाऱ्याशेजाऱ्यांचें नव्हतें, रहिवासी व पोलीस यांचें होतें. समितीची तर घडणच शिपायाला मध्यें बसवून केलेली. मध्यस्थच जेथें पक्षकार झाला, तेथें मध्यरात्रीं दार कोणाचें ठोठावावें, हा प्रश्न मोहल्ल्यांतील जाणत्यांपाशींच उरला.